लाल दिवा आधी, खेळ नंतर: स्प्रिंग प्रॅक्टिसला कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मास्टर्सला आलेली आपली मुलं कॅम्पसवर काम शोधताना लायब्ररी, डायनिंग हॉल आणि जिमचं काउंटर या तीन दारांवर थाप मारतात. अमेरिकन फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागाचं दार कुणाच्या ध्यानातच येत नाही. तिथे डिसेंबरात काही विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, मार्चच्या आसपास स्प्रिंग प्रॅक्टिस, म्हणजे वसंतातला सराव, येऊन ठेपते आणि कॅमेऱ्यामागे माणसं कमी पडतात. स्वतः खेळता यायला हवं अशी अट नसते. डाउन म्हणजे काय, हॅश कुठे असतो, पंट आणि फील्ड गोल यांत फरक काय, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं लिहिलंय. माहीत नसेल तर एक शनिवार खर्च करून दोन अख्खे सामने बघा आणि मग या.

आधी हिशेब. डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात) वसंतात संघाला १५ सत्रं मिळतात आणि ती ३४ दिवसांत उरकावी लागतात. सुट्टीचे आणि परीक्षेचे दिवस या ३४ मध्ये धरत नाहीत. पहिल्या दोन सत्रांत अंगाला अंग भिडवायचं नाही. एकूण १२ सत्रांत भिडता येतं, त्यातल्या ८ मध्येच समोरच्याला खाली पाडता येतं, आणि त्या ८ पैकी जास्तीत जास्त ३ सत्रं मुख्यतः अकरा विरुद्ध अकरा अशा सराव-सामन्याला देता येतात. शेवटचा स्प्रिंग गेमही त्यातच मोजला जातो.

आता यादीच्या तळाशी असलेल्या वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेल्या, पोराचा विचार करा. तिसऱ्या फळीत त्याला दिवसाला चार-पाच प्ले (चेंडू खेळात आल्यापासून शिट्टीपर्यंतचे डाव) मिळतात. खेळाडूंना थेट पैसे देण्याबाबतच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉल संघ १०५ खेळाडूंपुरताच ठेवता येतो, त्यामुळे मोसमाच्या तोंडावर कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा हे ठरवताना प्रशिक्षक पुन्हा पुन्हा फिल्मच बघतात. त्याचे पाच प्ले तुमच्या कॅमेऱ्यात नसतील, तर तो त्या दिवशी मैदानावर आलाच नव्हता असं समजा. हे घाबरवायला म्हणून लिहिलेलं नाही. पण बटण दाबताना एवढं डोक्यात असू द्या.

प्रत्येक प्ले दोन बाजूंनी टिपतात. साइडलाइनचा कॅमेरा रुंद असतो, त्याच्या चौकटीत बावीसच्या बावीस खेळाडू हवेत. एंडझोनचा कॅमेरा आक्रमणाच्या पाठीमागे उंचावर असतो, तो आवळलेला असतो आणि एका टॅकलपासून (रांगेच्या टोकाजवळचा खेळाडू) दुसऱ्या टॅकलपर्यंतची रांग व तिच्यामागचे बचावाचे लाइनबॅकर दाखवतो. तुम्ही एकदा सुरू-बंद केलंत की एक क्लिप झाली, आणि एक क्लिप म्हणजे एक प्ले. सराव संपला की सॉफ्टवेअर (हडल, थंडर, डीव्हीस्पोर्ट, जे काही तुमच्याकडे असेल ते) या क्लिपा आलटूनपालटून गुंफतं: साइडलाइनची पहिली, एंडझोनची पहिली, साइडलाइनची दुसरी, एंडझोनची दुसरी. सॉफ्टवेअरला खेळ कळत नाही, त्याला फक्त क्रम कळतो.

आणि इथेच तो खड्डा आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा पुढचा भाग विसरू नका.

कॅमेऱ्याला रेकॉर्डचं बटण एकच असतं. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. थंडीत हातमोजे घातलेल्या अंगठ्याने ते कधी अर्धवट दाबलं जातं, तर कधी दोनदा. दाबलंय असं तुम्हाला वाटतं, पण कॅमेरा बंदच असतो. प्ले संपतो, तुम्ही ‘बंद’ करायला बटण दाबता आणि तेव्हा तो सुरू होतो. त्यानंतर सगळं उलटं चालतं. खेळाडू चालत हडलकडे (पुढचा प्ले ठरवणाऱ्या घोळक्याकडे) परततात, पाणी पितात, बूट आवळतात, ते सगळं छान टिपलं जातं आणि स्नॅप झाला (चेंडू मागे देऊन प्ले सुरू झाला) की कॅमेरा झोपतो. यातली खरी मेख अशी की क्लिपांची संख्या जवळजवळ बरोबरच येते. साइडलाइनकडे ४२, तुमच्याकडेही ४२. मोजून कुणालाच शंका येत नाही, आणि आतमध्ये एकही प्ले नसतो.

दुसरा प्रकार एका क्लिपच्या फरकाचा. सतरावा प्ले तुमच्याकडून सुटला, तर सतराव्यापासून पुढची प्रत्येक जोडी चुकते. पडद्यावर साइडलाइनने धाव दाखवली की पाठोपाठ एंडझोन पास दाखवतो. हे लक्षात येतं ते ऑफेन्सिव्ह लाइनची सगळी पोरं खोलीत बसलेली असताना. एकच प्ले चुकून दोन तुकड्यांत टिपला, तरी हाच घोळ उलट्या दिशेने होतो.

म्हणून क्रम असा ठेवा. बटण दाबा, पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका डोळ्यांनी बघा, मगच मैदानाकडे बघा. प्ले संपला की बटण दाबा आणि ठिपका गेलाय हे बघा. ‘बीप ऐकला’ यावर विसंबू नका. मैदानावर स्पीकर कोकलत असतात, त्यात बीप ऐकू येत नाही. प्ले सुटलाच तर घाबरून पुढच्याची वाट बघत बसू नका. लगेच दोन सेकंद गवत टिपा आणि बंद करा. ती कोरी क्लिप सुटलेल्या प्लेची जागा धरून ठेवते, म्हणजे मागचा-पुढचा क्रम हलत नाही. मग वॉकी-टॉकीवर सरळ सांगा, ‘एंडझोनची सतरावी कोरी आहे.’ चुकीची सुरुवात झाल्याने प्ले थांबवला, तर ती क्लिप ठेवायची की काढायची हे दोन्ही कॅमेरेवाल्यांनी आदल्या दिवशीच ठरवून घ्यावं. प्रत्येक पिरियडच्या (सरावाच्या एका तुकड्याच्या) शेवटी दोघांनी आपापला आकडा मोठ्याने म्हणावा, आणि आकडा जुळला तरी शेवटची क्लिप उघडून एक सेकंद बघावी.

जोड्या चुकल्याच, तर पहिल्या क्लिपपासून तपासत बसू नका. मधली जोडी उघडा. ती जुळत असेल तर घोळ पुढच्या अर्ध्यात आहे, नसेल तर मागच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलात तर सहा-सात उघडझापांत जागा सापडते. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, पण ऐन वेळी त्यांनाही ते आठवत नाही.

पहिल्या आठवड्यात ही चूक सगळ्यांकडून होते. लगेच सांगितली तर दहा मिनिटांचं काम असतं. लपवली तर रात्र जाते, आणि पुढच्या वेळी तुम्हाला पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवतात.

आपल्याकडच्या पोरांना आणखी एक सवय नडते. क्रिकेट बघत वाढलेला डोळा चेंडूच्या मागे धावतो, आणि टीव्हीचा कॅमेराही तेच करतो. इथे चेंडूला फारसा मान नाही. प्रशिक्षकाला बघायचं असतं ते आक्रमणाच्या रांगेतल्या गार्डचं पहिलं पाऊल, किंवा बचावात सर्वांत मागे असलेल्या सेफ्टीने स्नॅपनंतर कुठे वळण घेतलं ते. साइडलाइनला असाल तर मागच्या सेफ्टीपासून रनिंग बॅकपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या रिसीव्हरसकट सगळं चौकटीत घ्या. पास उडाला तरी झूम करू नका, सावकाश सरका. एंडझोनला असाल तर पास सुटला म्हणून कॅमेरा हिसकू नका. एक क्षण रांगेवर थांबा, मग वर घ्या. हडल मोडली की क्लिप सुरू करा, म्हणजे स्नॅपआधीची हालचाल हाती लागते. शिट्टीनंतर दोन सेकंद थांबून बंद करा. क्वार्टरबॅकची जर्सी बहुतेक ठिकाणी वेगळ्या रंगाची असते, त्याला कुणी हात लावायचा नसतो. तो ‘पकडला’ गेला म्हणून शिट्टी वाजते, पण बाकीचे प्ले पुरा करतात. तो पुरा होऊ द्या. आक्रमण घाईच्या लयीत खेळत असेल तर दोन प्लेंच्या मध्ये कपाळाचा घाम पुसायलाही सवड नसते. तेव्हा लाल ठिपका जास्तच बघा.

सराव पिरियडांत कापलेला असतो. पिरियड साधारण पाच मिनिटांचा, दिवसाला वीस-बावीस, आणि प्रत्येकाच्या शेवटी हॉर्न. हातात स्क्रिप्ट असते. प्लेचा क्रमांक, डावा-मधला-उजवा हॅश आणि माणसांची जुळणी त्यावर छापलेली असते. ११ म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, १२ म्हणजे एक रनिंग बॅक, दोन टाइट एंड, उरलेले रिसीव्हर. पेन्सिलीने प्रत्येक प्लेपुढे टिक करा. पेन नको, थंडीत शाई धरत नाही. स्क्रिप्ट बदलली किंवा प्ले गाळला तर तिथेच खूण करा. रात्री डेटा भरताना हीच खूण तुम्हाला वाचवते. डेटात यार्ड लाइनचं चिन्ह सांभाळा. आपल्या अर्ध्यातली ३५ म्हणजे उणे ३५, समोरच्या अर्ध्यातली म्हणजे अधिक ३५. चिन्ह चुकलं की गोलपासून ३५ यार्डांवर झालेला प्ले ६५ यार्डांवरचा होऊन बसतो, आणि रेड झोनच्या (गोलजवळच्या २० यार्डांच्या) यादीत भलतेच प्ले येतात.

आता उंचीबद्दल. कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट बऱ्याच ठिकाणी अजून वापरात आहे. २०१० च्या २७ ऑक्टोबरला नोत्र दाम विद्यापीठात सरावाचं चित्रण करणारा एक विद्यार्थी अशाच लिफ्टवर होता. ताशी ५० मैलांवर गेलेल्या झोतांत लिफ्ट आडवी झाली आणि त्याचा जीव गेला. नंतर विद्यापीठाने दुरून चालवता येणारे कॅमेरे बसवले. उघड्यावरच्या लिफ्टसाठी वाऱ्याची मर्यादा सहसा ताशी २८ मैल, म्हणजे साधारण ४५ किलोमीटर. मार्च-एप्रिलमध्ये मध्य-पश्चिमेच्या राज्यांत एवढा वारा सुटायला फारसं काही लागत नाही. प्रशिक्षण घेतल्याशिवाय लिफ्टवर पाय ठेवू नका, कठड्यावर उभे राहू नका, वर असताना लिफ्ट हलवू देऊ नका. वाऱ्याचा आकडा स्वतः फोनवर बघा आणि झोतांचा आकडा बघा, सरासरीचा नव्हे. शंका आली तर खाली या. ‘मी खाली येतोय’ किंवा ‘येतेय’ एवढं वॉकी-टॉकीवर सांगितलं की पुरे, परवानगी मागत बसायची गरज नाही. ‘अजून दोनच पिरियड राहिलेत’ असं कुणी म्हणालं, तरीही खाली या. वीज चमकली तर सगळेच आत जातात आणि शेवटच्या चमकेनंतर ३० मिनिटं बाहेर येत नाहीत.

थंडीत बॅटरी लवकर बसते. जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गार कॅमेरा ऊबदार खोलीत नेला की भिंगावर दव धरतं, म्हणून पिशवीची चेन बंद ठेवून अर्धा तास थांबा. त्याआधी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, ते ताबडतोब लागतं. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, तेही फुटेज दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाल्यावर.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. फोन आपोआप बदलतो, कॅमेरा बदलत नाही. एक कॅमेरा जुन्या वेळेवर राहिला तर वेळेवरून क्लिपा जुळवायचा शेवटचा मार्गही बुडाला.

तासांचं मात्र कडक आहे. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर कॉलेजचं सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, आणि ते सगळी कामं मिळून. मैदानावर दोन तास दिसतात, पण आधीची मांडणी आणि नंतरचं उतरवणं-गुंफणं धरून दिवस सहज पाच तासांचा होतो. तीन सराव म्हणजे १५. वर डायनिंग हॉलच्या दोन पाळ्या घेतल्या की मर्यादा ओलांडलीच. ‘जास्तीचे तास स्वयंसेवक म्हणून लिहू’ असं कुणी सुचवलं तर हात जोडा. ज्या कामाचे पैसे दिले जातात ते फुकट केलं म्हणून स्वयंसेवा होत नाही. सुट्टीच्या आठवड्याचा नियम आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या, मित्राच्या मित्राकडून नको.

शिकायचं कुणाकडून? विभागाच्या प्रमुखाकडून नाही. त्याचा दिवस फोनवर जातो. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला धरा, जो जेवतानाही क्लिपा मोजतो. आपोआप माग काढणारे कॅमेरे आलेत, आता माणूस कशाला, असं ऐकाल. ते येऊ द्यात, पण कोरी क्लिप कधी टाकायची हे त्यांना अजून कळत नाही. मोठ्या गप्पा मारणाऱ्या मार्गदर्शकांपासून जरा लांब राहिलेलंच बरं.

सगळ्यांना ‘कोच’ म्हणायचं, नाव न घेता. ‘सर’ तोंडातून निघालं तर कुणी रागावत नाही. फोनवर काहीही टिपू नका, आणि कोणत्या फळीत कोण खेळलं हे रूममेटलाही सांगू नका.

स्प्रिंग गेमला जागा बदलते, तुम्ही स्टेडियममध्ये वर प्रेस बॉक्सपाशी असता. सामन्यात प्रत्येक क्लिपआधी स्कोअरबोर्डचा एक झटका घ्यायची पद्धत आहे, त्यातून डाउन आणि अंतर कळतं. पण स्प्रिंग गेमचे गुण बरेचदा आक्रमण विरुद्ध बचाव अशा भलत्याच हिशेबाने देतात आणि बोर्ड चालवणाराही गोंधळतो. तिथे बोर्डाऐवजी साइडलाइनवरच्या खांबावरचा डाउनचा आकडा टिपा आणि स्क्रिप्टवरही लिहून ठेवा.