चंद्रतालच्या थंडीत गॅस पेटेना, तेव्हा

जुलैत स्पीतीला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी लिहितोय. काझ्याहून कुंझुम खिंड उतरून चंद्रताल तलावाजवळच्या कॅम्पवर मुक्काम केला. उंची ४,००० मीटरच्या वर. पहाटे चहाला स्टोव्ह पेटवला, तर ज्योत इवलीशी आणि लगेच विझणारी. कॅन हलवला तर आत गॅस खळखळत होता.

साध्या कॅनमध्ये मुख्यतः ब्युटेन असतं. शून्य अंशाच्या आसपास त्याचा वायू जेमतेमच होतो. त्यात जळताना कॅन आणखी गार पडतो, बाहेरून दहिवर धरतं.

खोलगट ताटलीत थर्मासमधलं कोमट पाणी ओतून कॅन बुडापुरता त्यात ठेवला. ज्योत निळी, भरदार झाली! पाणी हाताला सोसवेल इतपतच हवं. कढत पाणी किंवा आच कॅनला अजिबात लावू नका, तो फुटू शकतो. आणि कितीही वारा असो, स्टोव्ह तंबूत नको.

इतक्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ-भाताला छोटा कुकर हवाच.

निघण्याआधी आयसोब्युटेन-प्रोपेनचा कॅन मिळाला तर तोच घ्या, थंडीत कितीतरी बरा चालतो.