कॅम्पर व्हॅनचे इंजिन घरी सांभाळताना: पाना उचलण्यापूर्वीचे निदान

कॅम्पर व्हॅनच्या इंजिनाचे दुखणे रोजच्या मोटारीच्या दुखण्यापेक्षा वेगळे असते, आणि ते वेगळेपण लक्षात न घेता केलेली घरगुती देखभाल बहुतेक वेळा नवे काम वाढवून ठेवते. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या एखाद्या सोसायटीत ही गाडी आठवडेच्या आठवडे जागेवर उभी असते, आणि मग एका शनिवारी पहाटे पाण्याची टाकी, फ्रिज, जादा बॅटऱ्या, बिछाने आणि अख्खे कुटुंब घेऊन तिला थेट कसारा घाट किंवा बोरघाट चढावा लागतो. म्हणजे एकीकडे तिला पुरेसे चालवले जात नाही, आणि जेव्हा चालवले जाते तेव्हा तिच्या ताकदीच्या वरच्या मर्यादेजवळच चालवले जाते. आपल्याकडे अनेक कॅम्पर व्हॅन फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर बांधलेल्या असल्याने पुढील मजकूर डिझेल इंजिन गृहीत धरून लिहिला आहे.

पहिली चूक किलोमीटरवर विसंबण्याची आहे. ऑइल बदलण्याचे किलोमीटर अजून भरलेले नाहीत म्हणून दोन-दोन वर्षे तेच ऑइल ठेवणारे मालक बरेच आहेत. उभ्या गाडीतही ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साचत राहते, रबरी पाइप कडक होतात, कूलंटमधील (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातील) गंजरोधक घटक संपतात आणि इंजिनावरच्या पट्ट्याला (बेल्टला) बारीक चिरा पडतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत किलोमीटरच्या बरोबरीने महिन्यांची मुदत दिलेली असते, ती याच कारणासाठी. दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरावे, आणि कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच महिने आधी पूर्ण होतात. गाडीत एक वही ठेवून तीत तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि कोणत्या ग्रेडचे ऑइल भरले एवढे लिहावे. पुढे बिघाड झाला की ही वही बिघाडाचे कोड वाचणाऱ्या कोणत्याही स्कॅनरइतकीच उपयोगी पडते.

ऑइलची पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पाहावी. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये घेतलेले माप खोटे असते. पातळी कमी झाली की सगळे सावध होतात, पण वाढलेली पातळी अधिक गंभीर असू शकते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. अशा वेळी वरचे ऑइल काढून पातळी बरोबर केली की प्रश्न सुटला, असे समजू नये. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबरी पॅकिंग इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. एकावर एक दोन पॅकिंग बसली तर महामार्गावर काही मिनिटांत सगळे ऑइल बाहेर फेकले जाते. ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वायसर लावावा आणि तो टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापानेच आवळावा. हाताच्या जोरावर आवळलेल्या बोल्टमुळे ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे जातात आणि ते काम महागात पडते.

गाडी गरम होणे

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. गाडी गरम झाली की पहिला सल्ला मिळतो तो थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्याचा. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर सपाट रस्त्यावर इंजिन कायम थंड राहते, डिझेल जास्त लागते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, आणि ज्या गाड्यांना काजळी गाळणारा डीपीएफ आहे त्यांची काजळी नीट जळत नाही. शिवाय गरम होण्याचे मूळ कारण जागच्या जागी राहते. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा. तो बाहेर काढून गरम पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगला आणि शेजारी तापमापी ठेवली, तर तो त्याच्यावर छापलेल्या तापमानाला, म्हणजे साधारणपणे ८२ ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यान, उघडायला लागतो की नाही हे दिसते. एवढी परीक्षा घरी सहज होते.

निदानाचा खरा धागा मात्र गाडी कुठे गरम होते, हा आहे. माजिवड्याच्या कोंडीत उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा, कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीला तो पंखाच देतो. याउलट कोंडीत काटा ठीक राहतो पण कसारा गावानंतरच्या चढावर वर जातो, असे असेल तर रेडिएटरची क्षमता कमी पडत आहे: आतून क्षार साचले आहेत, किंवा बाहेरच्या जाळीत धूळ, किडे आणि पावसाळ्यातला चिखल अडकला आहे. अनेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि मळ या दोघांच्या मधल्या फटीत बसतो, त्यामुळे समोरून टॉर्च मारली तर सगळे स्वच्छ दिसते. ती फट वरून पाहावी आणि मागून पुढे हलक्या दाबाने पाणी मारून धुवावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. काटा चढत असतानाच बॅटरीचा लाल दिवाही लागला, तर पट्टा तुटला असण्याची शक्यता मोठी आहे, कारण अनेक इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात.

घाटात काटा वर जाऊ लागला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा वेगात ठेवावा, खालच्या गिअरमध्ये यावे, आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. कूलंट जागेवर असेल आणि पट्टा शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद न करता किंचित वाढीव आरपीएमवर चालू ठेवावे, म्हणजे पंप फिरत राहतो. कूलंट वाहून गेला असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो आणि त्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच ते उकळून अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हेही तितकेच घातक आहे, कारण त्यामुळे हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

टँकरचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये कायमचे ठेवू नये. रस्त्यात अडचणीला घातले तर घरी आल्यावर काढून, आतून धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात भरावे. बहुतेक ठिकाणी ते निम्मे-निम्मे असते. केवळ रंग जुळतो म्हणून दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. कूलंट कुठे जातो ते सापडत नसेल तर सकाळी थंड इंजिनावर होज पाइपांच्या क्लिपांभोवती पाहावे. सूक्ष्म गळती गरम इंजिनावर लगेच वाळते आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबीसर पापुद्रा ठेवते, आणि कोरड्या दिसणाऱ्या सांध्यावरचा तो पापुद्रा हाच पुरावा असतो. असा पापुद्रा कुठेही नाही, पातळी तरीही कमी होते आणि इंजिन चालू असताना एक्स्पान्शन टाकीत सतत बुडबुडे येतात, असे असेल तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) संशय धरून गॅरेजला जावे. हे काम घरी करण्याचे नाही.

डिझेल आणि हवा

अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर टाकीतल्या दमट हवेतले पाणी तळाशी जमते. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी टाकी भरून ठेवावी, आणि हंगामाच्या पहिल्या प्रवासाआधी डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे. बाटली दहा मिनिटे हलवू नये. पाणी खाली बसते आणि दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. तळाशी काळपट, चिकट गाळ दिसला तर डिझेलमध्ये सूक्ष्मजीव वाढले आहेत, आणि केवळ फिल्टर बदलून भागणार नाही. टाकी साफ करावी लागेल.

फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू होत नाही, ही नेहमीची तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते: डिझेलच्या लाइनने हवा घेतलेली असते. हातपंप कडक लागेपर्यंत मारावा आणि मगच सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर थांबावे, अन्यथा सेल्फची मोटर जळते आणि मूळ बिघाडात दुसरा जमा होतो. नवा फिल्टर आधीच डिझेलने भरायचा असेल तर मधल्या भोकातून डिझेल ओतू नये. ती गाळलेल्या डिझेलची बाजू आहे, आणि डब्यातला कण तेथून थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये पोहोचतो. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) जुन्या इंजिनांप्रमाणे इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. तेथील दाब एक हजार बारच्याही वर जातो आणि त्या दाबाची बारीक धार हातमोज्यातून कातडीच्या आत शिरते. अशी जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तिच्यावर तत्काळ शस्त्रक्रिया करावी लागू शकते. इंजिन सुरू व्हावे म्हणून हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारणेही टाळावे. सिलिंडर तापवणारा ग्लो प्लग किंवा आत येणारी हवा तापवणारा हीटर असलेल्या डिझेल इंजिनात त्याचा स्फोट होऊ शकतो.

बॅटरी, अर्थिंग आणि उंदीर

सेल्फ मंद फिरला की लोक नवी बॅटरी आणतात. त्याआधी साधा मल्टिमीटर वापरावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरी ठीक असूनही सेल्फ मंद असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर दोष अर्थिंगच्या पट्टीत आहे. ठाण्याच्या आणि वाशीच्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत ही पट्टी बोल्टखाली गंजते, वरून मात्र चांगली दिसते. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावेत, पट्टी पुन्हा घट्ट बसवावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

राहण्याच्या भागाचा इन्व्हर्टर सेल्फच्या बॅटरीवर जोडू नये, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालू नये. लाकूड, फोम आणि गॅस सिलिंडर असलेल्या गाडीत त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडताच वायरिंगवर दातांच्या खुणा आणि लेंड्या दिसतात का, ते आधी पाहावे. आपल्याकडच्या सोसायट्यांत अचानक लागलेल्या इंजिन लाइटमागे उंदीर असणे अजिबात दुर्मीळ नाही.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) स्वस्तात मिळतो आणि तो जवळ असावाच, पण कोड म्हणजे बदलायच्या पार्टचे नाव नव्हे. पी०२९९ हा कोड टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाचा, दाब कमी पडतो एवढेच सांगतो. तो पाहून टर्बो उतरवण्याआधी इंटरकूलरचे (ती हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप हाताने दाबून पाहावेत. फाटलेल्या पाइपाभोवती ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग असतो आणि तेवढा पाइप बदलून काम होऊ शकते. पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी आहे. त्यासाठी महागडा पंप बदलण्याआधी फिल्टर आणि हवेची गळती पाहावी. कोड पुसण्यापूर्वी लिहून ठेवावा, कारण पुसल्यावर गॅरेजवाल्याच्या हाती काहीच उरत नाही.

१ एप्रिल २०२० पासून विक्रीला आलेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण मानकाच्या) डिझेल गाड्यांत बॅटरी चार्ज राहावी म्हणून दर रविवारी दहा मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवण्याची सवय हानिकारक ठरते. एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही आणि डीपीएफमध्ये काजळी साचत जाते. त्याऐवजी पहाटे रस्ता मोकळा असताना पडघ्यापर्यंत जाऊन यावे. काजळी जळत असताना एक्झॉस्ट अत्यंत तापतो, म्हणून त्या वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये. मुरबाडकडच्या माळरानावर मुक्काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ज्या गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण) लागते, तिच्यासाठी उन्हात बंद गाडीत पडून राहिलेला जुना डबा वापरू नये. आणि डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर चावीसुद्धा न फिरवता गाडी उचलून गॅरेजला न्यावी.

गाडीखाली जाण्याचे काम असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. सपाट, कठीण जमीन, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक आणि गाडीच्या भरलेल्या वजनाला पुरतील असे जॅक स्टँड, हे चारही नसतील तर ते काम त्या दिवशी करू नये.

काढलेले ऑइल, जुना कूलंट आणि फिल्टर सोसायटीच्या गटारात टाकू नयेत. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, आणि आपली बरीच गटारे शेवटी ज्या ठाणे खाडीला मिळतात, तिच्या काठचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. ऑइल ज्या डब्यातून आले त्याच डब्यात ते परत भरावे आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे माल पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. त्यात कूलंट किंवा डिझेल मिसळू नये, कारण मिसळलेले ऑइल ते घेत नाहीत.