पाचशे किलोहर्ट्झवर सिम्युलेशन डळमळले तेव्हा

जळगावजवळच्या केळीबागेतील ठिबक सिंचनाच्या नियंत्रकासाठी मी २४ व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचने व्होल्टेज कमी करणारे सर्किट) आखत होतो. स्विचिंग ५० किलोहर्ट्झवरून ५०० किलोहर्ट्झवर नेले आणि इंडक्टर (प्रवाह सपाट करणारी कॉइल) १०० मायक्रोहेन्रीवरून १० वर आणला. तरंग-प्रवाह, म्हणजे इंडक्टरमधील प्रवाहाचा चढउतार, दोन्हीकडे १.२ अँपिअरच राहतो, त्यामुळे हिशेब निर्धोक वाटला. सिम्युलेशनमध्ये मात्र आउटपुट सतत वरखाली होऊ लागले आणि मी दोन दिवस नियंत्रण-वळणाची भरपाई (फीडबॅक लूप स्थिर ठेवणारी जुळणी) बदलण्यात घालवले, जे आता आठवले तरी ओशाळायला होते.

दोष टाइम स्टेपमध्ये, म्हणजे सिम्युलेशन ज्या कालांतराने पुढे सरकते त्या टप्प्यात होता. जुन्या फाइलमधील १०० नॅनोसेकंदांचा स्थिर टप्पा तसाच राहिला होता. स्विचिंगचे एक आवर्तन २० मायक्रोसेकंदांचे असताना त्यात २०० बिंदू बसत, २ मायक्रोसेकंदांत मात्र वीसच. म्हणजे ड्यूटी (आवर्तनात स्विच चालू असण्याचा वाटा) पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनीच बदलणार, सरासरी आउटपुट १.२ व्होल्टच्या उड्या घेणार आणि नियंत्रक दोन पायऱ्यांमध्ये हेलकावे खात राहणार.

टप्पा ५ नॅनोसेकंद करताच हेलकावे थांबले. मात्र १० नॅनोहेन्री परजीवी (जोडण्यांमध्ये नको असताना येणारा) इंडक्टन्स आणि ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स यांची रिंगिंग, म्हणजे स्विच बदलताना उठणारी आंदोलने, सुमारे ९२ मेगाहर्ट्झची, म्हणजे जेमतेम ११ नॅनोसेकंदांची असल्याने, तिच्यासाठी अर्ध्या नॅनोसेकंदाचा टप्पा घेऊन, स्थिर अवस्थेतील मूल्ये आरंभाला देऊन, फक्त वीस आवर्तने चालवली. लोड बदलल्यावरचा संथ प्रतिसाद सरासरी मॉडेलवर (प्रत्येक स्विचिंग न दाखवता फक्त सरासरी मोजणाऱ्या) वेगळा पाहिला. स्विचिंगमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती दहापट झाली होतीच. खानदेशातील मे महिन्याचे ऊन लक्षात घेऊन हीटसिंक मोठा केला.