गावच्या घरातल्या स्टिरिओला वायरलेस जोडायच्या आधी

गणपतीला गावी जाताना पिशवीत एक ब्लूटूथची डबी, म्हणजे फोनवरची गाणी वायरशिवाय घेऊन स्टिरिओला देणारी, टाकायची आणि त्याच संध्याकाळी ओटीवर गाणी लावायची, असा माझा बेत होता. गुहागरजवळच्या आमच्या घरी अण्णांचा ॲम्प्लिफायर माजघरातल्या कपाटावर चाळीस वर्षं बसून आहे. डबीबरोबर लाल-पांढऱ्या पिनांची वायर होती. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लाल-पांढरं काहीच नव्हतं, पाच भोकांची गोल सॉकेटं होती. त्यात बसणारी वायर मला गुहागरात मिळाली नाही, चिपळुणातही नाही. ते गणपती तसेच गेले. म्हणून आता कुणी विचारलं की मी यादी उलटीकडून सांगतो. डबी सगळ्यात शेवटी घ्यायची.

पहिलं काम मुंबई-पुण्यात बसूनच होतं. गावी वहिनी, पुतण्या, शेजारचे काका, जे कोणी असतील त्यांना प्लग काढायला सांगा, ॲम्प्लिफायर भिंतीपासून हातभर पुढे घ्यायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात त्याच्या पाठीचे तीन-चार फोटो मागवा. अक्षरं वाचता आली पाहिजेत. त्यात तुम्हाला रिकामं इनपुट, म्हणजे आवाज आत घेणारी जागा, शोधायचं आहे. ऑक्स, ट्यूनर, सीडी यांतलं कुठलंही चालतं, कारण तिन्हींचं काम एकच. टेपच्या नावाखाली मात्र दोन जोड्या असतात आणि घोटाळा तिथे होतो. एक जोडी आवाज आत घेते, तिच्यावर प्ले किंवा इन लिहिलेलं असतं. दुसरी रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देते, तिच्यात वायर खोचली तर स्पीकर गप्पच राहणार. टेप इनमध्ये जोडायचं ठरलं तर समोरचं टेप मॉनिटरचं बटण दाबावं लागतं, हे वहीत लिहून ठेवा. घरातल्या बाकीच्यांना ते आपोआप सुचणार नाही.

फोनोला हात लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरची. मॅग्नेटिक सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून फोनो इनपुट ते शंभरेक पटींनी वाढवतं. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. आरआयएए या अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या ठरलेल्या मापाने ते परत जागेवर आणण्याचं कामही तिथेच होतं. डबीतून येणारा आवाज आधीच नीट केलेला असतो आणि कित्येकदा दोन व्होल्टपर्यंत असतो. तो फोनोत घातला की खर्ज घुमतो, शब्द फाटतात, आणि बिचाऱ्या जुन्या सेटला दोष मिळतो.

तुमच्याकडेही आमच्यासारखी गोल सॉकेटं निघाली तर त्यांना डिन म्हणतात. पाच पिनांच्या डिनवरून लाल-पांढऱ्या आरसीएवर येणारी वायर मागवायची, पण ती दोन तऱ्हांची मिळते. आपल्याला वाजवण्याची हवी, तिच्यात आवाज ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर असतो. रेकॉर्डिंगच्या वायरीत तो १ आणि ४ वर असतो. २ नंबर दोन्हींत ग्राउंड. मी घेतलेल्या दुसऱ्या वायरीला चारही शेपट्या होत्या, दोन वाजवण्याच्या आणि दोन रेकॉर्डिंगच्या, त्यामुळे चुकायला जागाच राहिली नाही. तुम्हीही तशीच घ्या, थोडी महाग पडेल. आणि एक चपटी, एक गोल अशी दोन भोकांची सॉकेटं दिसली तर ती स्पीकरची आहेत. तिथे डबी जोडायची नाही.

पुढची तयारी सेटच्या तब्येतीची, आणि आपल्याकडे खरा वेळ इथेच जातो. समुद्रावरून येणारी खारी हवा, चार महिन्यांची ओल आणि बंद घर. वर्षभर न चाललेला ॲम्प्लिफायर थेट भिंतीच्या प्लगला लावू नका. गावातल्या वायरमनला सिरीज बोर्ड घेऊन बोलवा. साठ किंवा शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब मध्ये घालून सेट चालू करतात. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंदावला तर बरं. तो तसाच पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं आणि सेट दुरुस्तीला न्यायचा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा झाकण स्वतः उघडायच्या फंदात पडू नका.

आमचा बल्ब मंदावला, पण डाव्या स्पीकरमधून काहीच येईना. टॉर्च मारून पाहिलं तर डिनच्या भोकांत कुंभारमाशीने चिखल भरलेला. वाळून दगड झालेला, वर अंगठ्याएवढा घुमट. दाभण घातलं असतं तर आतली पितळी पाकळी वाकली असती. मी लाकडी दातकोरणी घेऊन बसलो, एकेक कण काढला, मग रंगाच्या बारीक ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. तास गेला. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मध्येच म्हणाले, "अरे, याच्यानंतर रेकॉर्ड लावता येतील ना?" मी म्हटलं, "अण्णा, रेकॉर्डची वायर मी सोडवलेलीच नाही, हे बघा." त्यांनी वाकून बघितलं, मगच त्यांना बरं वाटलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे आधी दाखवा. त्यांचं काहीही काढून घेतलं जात नाहीये, हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर दुरुस्तीवाल्याकडून आत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा, सेट बंद ठेवून, आणि मग बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. स्पीकरची जाळी काढून आतल्या पडद्याच्या कडेची फोमची पट्टी बोटाने हलकेच दाबून बघा. दमटपणाने ती विरते आणि हाताला काळी भुकटी लागते. तसं असेल तर आधी ती बदलून घ्या, नाहीतर नवी गाणी फाटक्या पडद्यावरच ऐकावी लागतील. स्पीकरच्या वायरची टोकं बहुतेक हिरवी पडलेली असतात. इंचभर कापून नवं तांबं उघडं करा. लाल-काळ्याची अदलाबदल होऊ देऊ नका, एका स्पीकरची उलटी लागली तर खर्ज नाहीसा होतो.

आता वायरलेसच्या लहरी कुठून कुठे पोचणार ते. ब्लूटूथ मोकळ्यात साधारण दहा मीटर जातं, पण आपली घरं चिऱ्याची. फूट-दीड फूट जाडीची भिंत, तीही पावसात पाणी प्यालेली. ओटीवर बसलेल्या माणसाच्या खिशातला फोन माजघरातल्या डबीशी बोलताना अडखळतो. खरेदीच्या आधी याची परीक्षा फुकट करता येते. दोन फोन घ्या, एकाचा हॉटस्पॉट चालू करून तो ॲम्प्लिफायरजवळ ठेवा आणि दुसरा घेऊन ओटी, पडवी, स्वयंपाकघर, खळं असं फिरून या. कुठे पट्ट्या उतरतात ते खुणेने लक्षात ठेवा. हॉटस्पॉटचा जोर ब्लूटूथपेक्षा जास्त असतो, म्हणून जिथे तोच डळमळतो तिथे ब्लूटूथची आशा सोडा.

घरात फायबरचं किंवा इतर पक्कं इंटरनेट असेल तर माझं मत स्पष्ट आहे, वायफायची स्ट्रीमर डबी घ्या. ती गाणं स्वतः इंटरनेटवरून ओढते, फोन नुसता रिमोट राहतो. कुणाचा फोन आला तर रिंगटोन स्पीकरमधून वाजत नाही, फोन घेऊन विहिरीकडे गेलात तरी गाणं तुटत नाही. राउटरपासून वायर ओढता आली तर फारच उत्तम, डबीला लॅनचं भोक असल्याची खात्री करा. आपल्या वाड्यांवर मात्र पुष्कळ ठिकाणी नेटवर्क खिडकीच्या एका कोपऱ्यातच येतं, आणि लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. तिथे साधा ब्लूटूथ रिसीव्हर आणि गाणी आधीच उतरवून ठेवलेला एक जुना फोन हीच जोडी टिकते. हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएसने, म्हणजे चांगल्या दर्जाने, गाणी ओढली तर तासाला साधारण १४४ एमबी जातात, म्हणजे रोजच्या दीड जीबीत दहा तास. सीडीच्या दर्जाचं हवं असेल तर तासाला तीनशे-चारशे एमबी धरा आणि ते मुंबईच्या वायफायवरच उतरवून न्या.

विजेचं थोडक्यात, पण हे सोडू नका. डबीला पाच व्होल्टचा वेगळा, चांगला चार्जर द्या. टीव्हीच्या यूएसबीवरून दिलात तर टीव्हीची किरकिर गाण्यात येते. सगळं एकाच बोर्डावर घ्या, म्हणजे पन्नास हर्ट्झची घूं येण्याची शक्यता कमी होते. तरीही आली तर मध्ये बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा असेल तर त्यावर ॲम्प्लिफायर गुरगुरतो. घराचं अर्थिंग वायरमनकडून त्याच दिवशी तपासून घ्या. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की सगळे प्लग बाहेर, राउटरचाही. बटण बंद करून भागत नाही. निसर्ग वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, कितीतरी घरांत दिवसेंदिवस लाइट नव्हती. असं काही झालं की वीज पहिल्यांदा येते तेव्हा दाब वरखाली होतो, म्हणून दिवे तासभर स्थिर जळेपर्यंत सेट जोडायचा नाही.

एवढं झाल्यावर डबी. जुन्या ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल किंवा एचडीएमआय कळत नाही, तेव्हा डबीला आरसीए किंवा हेडफोनसारखा साडेतीन मिलिमीटरचा ॲनालॉग आउटपुट असलाच पाहिजे. दुकानात हा एक प्रश्न आधी विचारा. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ नेमकं याच कामाचं होतं, २०१५ मध्ये आलं आणि २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं. कुणी जुनं स्वस्तात देत असेल तर पुढे अपडेट नाहीत हे धरून चला. ॲपमध्ये आउटपुट एक व्होल्टवर आणता येत असेल तर आणा. ऐंशीच्या दशकातल्या ऑक्सला दीडशे-दोनशे मिलिव्होल्टही पुरतात, दोन व्होल्ट मिळाले की बटण जरासं फिरवताच घर दणाणतं.

जोडायच्या दिवशी आवाज शून्यावर, मग वायर, मग डबी चालू, सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर. पहिलं गाणं एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा. मी केसरबाई केरकरांची भैरवी लावली, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली तीच. गोव्यातल्या केरीची ही बाई, तिचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातून येतो, एकाच वाहिनीचा, म्हणून तो दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. आमचा उजवीकडे कलत होता. बॅलन्सचं बटण चाळीस वर्षांत कुणीतरी केव्हातरी सरकवलेलं होतं, ते मधे आणलं आणि केसरबाई कपाटाच्या मधोमध उभ्या राहिल्या. अण्णांनी मान हलवली नाही, काही बोललेही नाहीत, फक्त खुर्ची थोडी मधे ओढून घेतली.

मग एक जुना फोन कायमचा कपाटावर ठेवून द्या. त्यात सिमकार्ड नको, सूचनांचे आवाज बंद, पडद्यावर दोनच ॲप मोठी करून. एक गाण्याचं आणि दुसरं, घरात वायफाय असेल तर, आकाशवाणीचं न्यूजऑनएअर, कारण म्हाताऱ्या माणसांना आपलं केंद्र खरखरीशिवाय ऐकायला मिळालं की बाकीचं शिकायची गोडी लागते. ॲम्प्लिफायरच्या निवडीच्या बटणाशेजारी कागदाच्या पट्ट्या चिकटवा, एकीवर रेकॉर्ड, दुसरीवर मोबाइल, मराठीत, ठळक. तुम्ही निघायच्या आधी त्यांना तुमच्यासमोर दोनदा लावू द्या, मध्ये बोलू नका.

आणि घर बंद करून निघणार असाल तर प्लग काढा, डबी आणि फोन सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात घाला. ॲम्प्लिफायरवर प्लास्टिक घालू नका, आत ओल साठते, जुनी सुती चादर टाका. मागच्या सॉकेटांवर कागदी चिकटपट्टी लावा. पावसाळा उतरला की कुंभारमाशी परत जागा शोधायला येते.