एकविसाव्या दिवशी हात खिशात ठेवा: अंडी उबवताना या चुका टाळा

तपकीर गल्लीतून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान कायम राखणारा स्विच, आणायचा, थर्माकोलचा खोका, एक बल्ब, कॉम्प्युटरचा जुना पंखा, झालं इन्क्युबेटर तयार, असं सध्या पुण्यात बऱ्याच जणांचं चालू आहे आणि त्यात वाईट काही नाही, घरच्या मशीनमध्येही पिल्लं मस्त निघतात. पण कोंबडीची अंडी ठेवून विसावा-एकविसावा दिवस आला की सगळ्यांचा फोन एकच. "दादा, पिल्लानं टोच मारलीये पण बाहेर येत नाहीये, फोडू का?"

नाही. फोडू नका.

आत काय चाललेलं असतं ते एकदा समजून घ्या. १९-२० व्या दिवशी पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं, मग टरफलाला बारीक भेग पाडतं आणि थांबतं. इथेच लोकांचा धीर सुटतो. अहो ते अडकलेलं नसतं, टरफलाखालच्या पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात घेत असतं, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढत असतं. याला १२ तास लागतात, कधी २४ पण लागतात. खुडूक कोंबडी त्या वेळी काय करते? काही नाही, बसून राहते.

धायरीत आमच्या ओळखीचे एक जण आहेत, आयटीवाले, एकदम शिस्तीचा माणूस, तापमानाची एक्सेल शीट वगैरे. विसाव्या दिवशी संध्याकाळी पहिली भेग दिसली, रात्री साडेअकराला मला फोन, मी म्हटलं झोपा. कसले झोपतायत. मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले, बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला आणि टरफल सोलायला बसले. पापुद्रा ओढला तसं रक्त आलं, नुसता ठिपका नाही, बोटावरून ओघळलं. मग घाबरून ते अंडं परत आत, मग पाच मिनिटांनी झाकण उघडून बघ, परत बघ, बायकोला दाखव. सकाळी मी गेलो तर ते पिल्लू मेलेलं, बलकाची पिवळी पिशवी पोटाबाहेर तशीच. आणि खरं नुकसान ते नव्हतंच. दर वेळी झाकण उघडलं की आतली दमट हवा भसकन बाहेर, बाकीच्या अंड्यांनाही तोवर भेगा पडलेल्या, त्यांचा पापुद्रा सुकून कडक झाला आणि पिल्लांच्या अंगाला चिकटून बसला. चोच हलतेय, आवाज येतोय, पण पिल्लाला आत वळता येत नाही आणि वळल्याशिवाय टरफल गोल कापलं जात नाही. एकाला वाचवायला गेले आणि निम्मी बॅच घालवली.

म्हणून मी १८ व्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं की झाकणाला सरळ ब्राऊन टेप मारतो. हवेची भोकं सोडून, नाहीतर गुदमरवाल सगळ्यांना. पाण्याच्या ट्रेमध्ये सलाईनची नळी सोडून तिचं तोंड बाहेर ठेवायचं आणि सिरिंजनं कोमट पाणी द्यायचं, झाकणाला हात नाही. शेवटचे तीन दिवस आर्द्रता ६५ ते ७० टक्के पाहिजे. निघालेली पिल्लं आत चिवचिवाट करतात म्हणून लगेच काढायची घाई नको, पोटात बलक असतो, ४८ तास दाणापाणी नसलं तरी चालतं. अंग सुकून फुललं की सगळी एकदम काढा. भेग पडून २४ तास उलटले आणि पापुद्रा पिवळट-तपकिरी पडला तरच कोमट पाण्यात बुडवलेला कापूस लावून थोडंसं टरफल काढायचं आणि लालसर शीर दिसली की तिथेच थांबायचं. मी स्वतः तेवढंही शक्यतो करत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक, दिवस मोजणं. ज्या दिवशी अंडी ठेवली तो पहिला दिवस नाही हो, तो शून्य. २४ तास झाले की एक. सोपा हिशोब म्हणजे ज्या वारी ठेवली त्याच वारी, तीन आठवड्यांनी पिल्लं. आता पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही माहितीये, तरी लोक शुक्रवारी अंडी ठेवतात आणि मग विसावा दिवस बरोब्बर गुरुवारी. मी सोमवारी ठेवतो. १८ वा दिवस शुक्रवार, पिल्लं सोमवार, मध्ये गुरुवार येतच नाही. आधीच्या गुरुवारी लाईट गेलीच तर खोक्यावर गोधडी टाकायची, भोकं मोकळी ठेवायची आणि झाकण न उघडता गप बसायचं. एक-दोन तासांनी काही होत नाही, कोंबडीपण दाणे टिपायला उठतेच की.

तापमान. थर्मोस्टॅटच्या डिस्प्लेवर ३७.५ दिसतंय म्हणून अंड्यांपाशी तेवढंच आहे असं नसतं. मेडिकलमधला ताप बघायचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून ताडून बघा, पंखा असेल तर ३७.५ ते ३७.८, म्हणजे १०० फॅरनहाइटच्या आसपास. पिल्लं उशिरा निघाली तर बहुतेक वेळा मशीन थंड होतं, लवकर निघाली आणि बेंबी ओली-उघडी असेल तर गरम होतं. आर्द्रतेचं मीटर स्वस्तातलं असेल तर झाकणभर मीठ ओलसर करून मीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला पाहिजे, जेवढा फरक तेवढा मनात धरून चालायचं.

आणि व्हिडिओत सांगितलं म्हणून बारा महिने पाणी भरत बसू नका. पहिले १८ दिवस ४५-५५ टक्के पुरे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा ट्रे भरावाच लागतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये मी १८ व्या दिवसापर्यंत कोरडाच ठेवतो. ५० ग्रॅमचं अंडं तोवर साधारण ६ ग्रॅमनं हलकं व्हायला हवं, किचनमधल्या डिजिटल काट्यावर कळतं. नाही झालं तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतल्या आत बुडून मरतं. लोक म्हणतात अंडीच खराब दिली.

बाकी किरकोळ. दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका, त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो. अंडी धुवू नका. फ्रीजमधली नकोत, आठवड्यापेक्षा जुनी नकोत. टोकदार बाजू वर ठेवू नका. बाईकवरून खड्ड्यांतून आणलेली अंडी लगेच मशीनमध्ये नाही, टोक खाली करून निदान १२ तास ठेवा. फिरवायचं दिवसातून तीन किंवा पाच वेळा. टॉर्च लावून रोज बघायची गरज नाही, ७ व्या आणि १४ व्या दिवशी पुरे, शिरा दिसत नसतील तर काढून टाका, नासलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं तर तो वास महिनाभर जात नाही. पिल्लं निघतात तिथे गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात, खरबरीत रबर मॅट टाका.

२३ वा दिवस संपला की मशीन बंद करायचं. उरलेली अंडी फोडून बघायची असतील तर जरूर बघा, कुठे अडलं ते कळतं, फक्त फ्लॅटच्या गॅलरीत नको, सोसायटीत आधीच तुमच्या कोंबड्यांवरून कुजबुज चालू असेल.