घाटमाथ्यावरच्या पावसासाठी जॅकेट घेताना

कमी पावसाच्या दहिवडी-म्हसवडकडच्या सरीला साधं विंडचीटरही पुरतं. पण वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झोडणाऱ्या महाबळेश्वरला किंवा कोयनेच्या जंगलात पक्षी बघत हिंडायचं असेल, तर दुकानातच जॅकेट उलटं करा. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. कापड कितीही भारी असो, पाणी आधी सुईच्या भोकांतूनच शिरतं. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' एवढंच असेल तर ते रिमझिमीपुरतं. 10,000 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर मुसळधार पावसातही निभावतं. हा आकडा कापड पाण्याचा किती दाब सोसतं ते सांगतो.

दुसरा शत्रू घाम. चढणीवर रबरी रेनकोट घातला की माणूस आतूनच भिजतो. त्यामुळे वाफ बाहेर सोडणारं कापड आणि काखेत चेन असलेलं जॅकेट बघा. माझ्या मते महागड्या नावापेक्षा ती चेन जास्त कामाची. करवंदी-घाणेरीच्या जाळीत पातळ कापड टिकत नाही. टोपीला दोरी हवी, नाहीतर वारा ती टिकू देत नाही. पक्ष्यांसाठी मातकट रंग आणि न सळसळणारं कापड बरं. दुचाकीवर जायचं असेल तर मात्र भडक रंगच घ्या.

धुताना कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात घालू नका, पाणी ओघळून जाणं थांबतं.