बांबूच्या कामट्यांचा रोलर कोस्टर

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसण्याऐवजी खाली उभं राहून त्याचे सांधे न्याहाळणारे काही जण असतात. बांबूच्या कामट्यांतून रोलर कोस्टरची छोटी प्रतिकृती करण्याचा हा उद्योग त्यांच्यासाठी.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधला लाकडी रुळांचा ‘सायक्लोन’ रोलर कोस्टर १९२७ साली सुरू झाला. उंची ८५ फूट. १:५० प्रमाणात ती ५२ सेंटिमीटर भरते, म्हणजे टेबलावर मावते. लांबी मात्र १६ मीटर होते! तेव्हा पहिला उतार, दोन टेकड्या आणि एक वळण, एवढंच धरा. गाडीच्या डब्याच्या जागी गोटी.

आधी बाजूचा आकार आलेख कागदावर पूर्ण मापात काढा. सुरुवात ५० सेंटिमीटरवर असेल, तर पुढची टेकडी ३५च्या वर नेऊ नका. घर्षण आपला वाटा घेतंच.

बुरुडाकडून कामट्या आणा. (‘पतंग करताय का?’ असं मला विचारलं होतं. मी हो म्हणालो, समजावणार कुठे!) कागदावर प्लास्टिक पसरून त्यावरच खांबांच्या चौकटी फेविकॉलने जोडा, म्हणजे सगळ्या एकसारख्या होतात. प्रत्येकीत तिरकी कामटी हवीच. छपराच्या कैचीसारखे त्रिकोण झाले नाहीत, तर सगळा सांगाडा एका बाजूला कलतो. दर पाच सेंटिमीटरला एक चौकट उभी करा.

खरं कौशल्य रूळ वाकवण्यात आहे. कामटी रात्रभर भिजवा. सकाळी मेणबत्तीवर, ज्योतीपासून जरा वर, सतत सरकवत शेका. थांबलात की काळी पडते. पाठीची चकचकीत बाजू बाकाच्या बाहेर ठेवून हळूहळू वाकवा आणि एखाद्या गोल डब्याला बांधून वाळू द्या. पेर बाकात आलं तर हमखास तडकतं, म्हणून ते सरळ भागात येईल अशी कामटी निवडा. १६ मिलिमीटरच्या गोटीला दोन रुळांत १० मिलिमीटर अंतर पुरतं. वळणावर बाहेरचा रूळ उचला. गोटी उडालीच तर आणखी उचला.

तळाला जाड प्लायवूडच घ्या. माझं पातळ होतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याला असा बाक आला, की आदल्या दिवशी धावणारी गोटी दुसऱ्या टेकडीच्या पोटातच अडकली.

गोटी धावली की ती फारच घाईत वाटेल. उंची ५० पटींनी घटली, पण पडायला लागणारा वेळ साधारण सातच पटींनी घटतो. त्यामुळे मोबाइलवर आठपट संथ चित्रीकरण करून बघा. तीच गोटी खऱ्या गाडीसारखी जड होऊन उतरताना दिसते.